खेप्री कसा वाचावा: इजिप्तला निघालेल्यांसाठी एका प्राणिशास्त्राच्या बाईंची टिपणं

इजिप्तला निघालेल्या मंडळींना बास्तेतचं मांजर लगेच आवडतं. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस जरा घाबरवतो, पण तोही आवडतो. होरसचा ससाणा तर इजिप्तएअरच्या विमानाच्या शेपटीवरच भेटतो. गाडी अडते ती शेणकिड्यापाशी. “एवढे पिरॅमिड बांधणाऱ्यांना देव म्हणून शेणातला किडाच सापडला का हो बाई?” असं कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्या बहुतेकांच्या आजीचं अंगण शेणाने सारवलेलं असायचं, याची मी आठवण करून देते आणि मग कामाला लागते.

मी ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर ओळखीच्यांचे लहान गट घेऊन इजिप्तला जाते आणि ही टिपणं त्यांच्यासाठीच लिहायला घेतली होती. देवाचं नाव खेप्री. हा उगवत्या सूर्याचा देव. कधी तो नुसता भुंगेरा असतो, तर कधी माणसाचं धड आणि डोक्याच्या जागी अख्खा भुंगेरा. इंटरनेटवर त्याच्यापुढे “गुडलक” एवढंच लिहिलेलं सापडेल. ते तूर्त बाजूला ठेवा. खेप्रीचा अर्थ पाठ करून उपयोग नाही, तो समोर पाहून काढावा लागतो. किडा काय करतोय? त्याच्या पायांत काय आहे? तो कुठे काढलाय किंवा कुठे ठेवलाय? प्रत्येक खेप्रीपुढे उभं राहून हे तीन प्रश्न विचारायचे. बाकीचं सगळं टिपण या तीन प्रश्नांची उत्तरं शोधण्याबद्दल आहे.

निघण्याआधी एक जिवंत शेणकिडा पाहा

मृगाचा पाऊस पडून गेला की माळावर जा. गुरं चरायला जातात त्या वाटेवर शेणाच्या ताज्या पोजवळ शांत बसा. सगळेच शेणकिडे गोळे करत नाहीत. बरेचसे पोच्या खालीच बीळ करतात, काही शेणातच राहतात. गोळा करून तो दूर नेणारे थोडे. आपल्याकडे जिम्नोप्ल्यूरस या प्रजातीतले दिसतात. इजिप्तचा तो प्रसिद्ध किडा वेगळा, स्कॅराबियस सेसर. लिनियसने १७५८ मध्ये हे नाव देताना त्याला “पवित्र” म्हणूनच नोंदवलं. पण काम दोघांचं सारखंच.

डोक्याची पुढची कड दातेरी असते, ती शेण खरवडायला. पुढचे पाय रुंद आणि खाचांचे, ते कापायला आणि थापायला. गोळा तयार झाला की किडा डोकं खाली घालतो, मागचे पाय गोळ्यावर टेकवतो आणि उलट्या चालीने तो ढकलत नेतो. म्हणजे कुठे चाललाय ते त्याला दिसतच नाही. मधूनच तो गोळ्यावर चढतो, वर स्वतःभोवती एक गिरकी घेतो आणि पुन्हा खाली उतरून चालू लागतो. ती गिरकी दिशा ठरवण्यासाठी असते. दिवसा फिरणारे शेणकिडे सूर्य आणि सूर्यप्रकाशाचं ध्रुवीकरण यांवरून सरळ रेषा धरतात. दक्षिण आफ्रिकेतला एक निशाचर शेणकिडा तर चंद्र नसताना आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा राखतो, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवलं. त्या प्रयोगांत किड्यांच्या डोक्यांवर पुठ्ठ्याच्या इवल्याशा टोप्या घातल्या होत्या! मात्र यावरून “प्राचीन इजिप्शियनांना हे सगळं विज्ञान माहीत होतं” असला मेसेज कुणी फॅमिली ग्रुपवर टाकू नये. त्यांना ध्रुवीकरण माहीत नव्हतं. त्यांना दिसत होता तो एक गोल, तो जमिनीवरून ढकलत नेणारा एक किडा, आणि वर आकाशात सरकणारा दुसरा गोल.

खरी गंमत पुढे आहे. किडा गोळा जमिनीत पुरतो. काही गोळे नुसते खाण्यासाठी असतात. अंड्यासाठीचा गोळा मादी जमिनीखालच्या खोलीत वेगळा घडवते. तो नासपतीच्या आकाराचा असतो आणि निमुळत्या टोकात एकच अंडं. अळी, मग कोश, मग पूर्ण किडा, हे सगळं त्या गोळ्याच्या आत घडतं. फ्रेंच कीटक-अभ्यासक झाँ-आंरी फाब्र यांनी हे नीट उलगडून दाखवलं, तेव्हा एकोणिसावं शतक सरत आलं होतं. त्याआधी जमिनीच्या वरून पाहणाऱ्याला काय दिसायचं? एक गोल भुईत गेला आणि काही आठवड्यांनी तिथूनच एक काळा चकचकीत नवा जीव वर आला. आई नाही, बाप नाही. या किड्यांत मादीच नसते, असं ग्रीक लेखक प्लूटार्कनेही लिहून ठेवलं आहे. इजिप्शियनांच्या दृष्टीने स्वतःच स्वतःला घडवणारं असं दुसरं एकच होतं, ते म्हणजे सकाळचा सूर्य.

कोशातला किडा हातपाय दुमडून पडलेल्या ममीसारखा दिसतो आणि ममीची कल्पना तिथूनच आली असेल, असा एक तर्क तुम्हाला वाचायला मिळेल. प्राणिशास्त्राच्या बाईंना तो मनापासून आवडतो. पण तो तर्कच आहे, त्याला इजिप्शियन लिखाणाचा आधार नाही. गाईडने छातीठोकपणे सांगितलं तर हसून पुढे चला. हॉलिवूडच्या सिनेमांत माणसाचं मांस खाणारे भुंगेरे दाखवतात, तेही तिथेच सोडून द्या. हा जीव शेण खातो.

चित्रात निसर्गाशी फारकत कुठे आहे ते शोधा

जिवंत किडा पाहून झाला असेल तर देवळातल्या पहिल्याच चित्रात तुम्हाला काहीतरी खटकेल. खटकायलाच हवं. जिवंत किडा गोळा मागच्या पायांनी ढकलतो आणि डोकं खाली ठेवतो. चित्रातला खेप्री डोकं वर करून असतो आणि सूर्याची चकती पुढच्या पायांत, डोक्याच्या वर धरून असतो. चित्रकारांना किडा माहीत नव्हता असं नाही. दातेरी डोकं, पायांवरच्या खाचा, पाठीवरच्या कवचांमधली रेघ हे सगळं ते बारकाईने काढतात. बदल फक्त तिथे आहे जिथे किड्याचा देव होतो. शेणाचा गोळा मागे असतो, सूर्य पुढे. किड्याची चाल उलटी, देवाची वर.

पंखांचंही तसंच. भुंगेऱ्याच्या कठीण कवचाखाली पातळ पारदर्शक पंख घडी घालून ठेवलेले असतात. पंख पसरलेल्या खेप्रीला मात्र पिसं असतात, आणि ती पक्ष्याची. तुतनखामून राजाच्या एका छातीवरच्या दागिन्यात भुंगेऱ्याचं धड, पक्ष्याचे पंख आणि खाली पक्ष्याच्याच नख्या आहेत. या दागिन्यातला भुंगेरा पिवळसर हिरवट आहे. १९२२ मध्ये थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरला तो एक प्रकारचा स्फटिकखडा वाटला होता. नंतर कळलं की ती लिबियाच्या सीमेलगतच्या वाळवंटात मिळणारी नैसर्गिक काच आहे, सुमारे २ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी बनलेली. तुतनखामूनच्या वस्तू आता गिझाच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहेत. तिथे सोन्याच्या मुखवट्यासमोर गर्दी असते, तेव्हा तुम्ही दागिन्यांच्या कपाटांकडे वळा.

एक सावधगिरी. देवळांच्या दारांवर दोन्ही बाजूंना पंख पसरलेली सूर्याची चकती कोरलेली असते, तिला दोन नाग लगडलेले असतात. तो खेप्री नव्हे. ती होरसच्या एका रूपाची खूण आहे. पंख दिसले की “भुंगेरा!” म्हणून ओरडणारे गटात निघतात. मधोमध किड्याचं अंग आहे का, एवढं आधी पाहा.

सकाळ, दुपार, संध्याकाळ

इजिप्शियन सूर्य दिवसभर एकच नसतो. सकाळी खेप्री, दुपारी रा, संध्याकाळी आतुम. सूर्यदेव स्वतःच तसं सांगतो, अशी एक कथा इटलीतल्या तुरीनच्या संग्रहालयातल्या पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या जुन्या कागदावर, आहे. तिथे ईसिस देवी युक्तीने त्याचं गुप्त नाव काढून घेत असते आणि तो ही तीन नावं सांगून वेळ मारून नेतो. रात्रीचा सूर्य मेंढ्याच्या डोक्याचा असतो आणि पाताळातून नावेने जातो. म्हणून भुंगेरा दिसला की आधी मनात म्हणायचं: ही पहाट आहे. मग शोधायचं, पहाटेच्या आधीची रात्र कुठे काढलीय?

राजांच्या दरीत, लक्सॉरच्या पश्चिम तीरावर, हे सगळ्यात सोपं जातं. रामसेस घराण्याच्या काळातल्या थडग्यात शिरताना पायऱ्यांकडे पाहत घाईने आत जाऊ नका. दाराच्या वरची पट्टी पाहा. चौथ्या रामसेसच्या थडग्यावर (क्रमांक २) ती चांगली दिसते. मध्ये सूर्याची मोठी चकती, चकतीच्या आत भुंगेरा आणि मेंढ्याच्या डोक्याचा देव शेजारी शेजारी, बाजूला ईसिस आणि तिची बहीण नेफ्थिस. सकाळ आणि रात्र एकाच गोलात. थडग्याच्या दारावर हे का कोरलं? कारण राजा आत जातो तो सूर्याच्या वाटेने. या दारातून मावळायचं आणि त्याच गोलातून उगवायचं. ही एक पट्टी नीट वाचली तर आत जे काही रंगवलंय त्याची अनुक्रमणिका हातात आली असं समजा.

मग शक्य असेल तर तिसऱ्या थुतमोसच्या थडग्यात जा, क्रमांक ३४. कड्याच्या खाचेत उंचावर दार आहे, लोखंडी जिना चढायचा आणि मग आत तितकंच उतरायचं. गुडघे कुरकुरत असतील तर नातवाला पाठवा आणि फोटो काढून आणायला सांगा. दरीच्या साध्या तिकिटात उघड्या थडग्यांपैकी तीनच पाहता येतात, आणि कोणती उघडी ते बदलत राहतं. म्हणून हे उघडं आहे का ते तिकीट काढतानाच विचारा. आतली खोली लंबगोल आहे आणि भिंतींवर “आमदुआत” हा ग्रंथ पूर्ण काढलाय, काठीसारख्या साध्या आकृत्यांमध्ये, जणू भिंतीवर भला मोठा पपायरसच उलगडलाय. रात्रीचे बारा तास, प्रत्येक तासाचा एक पट्टा. बहुतेक लोक कुठेही पाहत फिरतात. तुम्ही बारावा तास शोधा. तिथे सूर्याची नाव एका लांबलचक सापाच्या पोटातून ओढून नेतात, आणि तीही शेपटीकडून तोंडाकडे. नाव ओढणारे शेपटीशी म्हातारे असतात आणि तोंडातून बाहेर पडताना पोरं झालेली असतात. आणि पट्ट्याच्या शेवटी, जिथे पाताळाची हद्द गोलाकार संपते, तिथे आहे भुंगेरा. सगळ्या रात्रीचा शेवट त्या एका किड्यापाशी होतो.

खेप्रीच्या प्रतीकात हा रात्रीचा भाग नेहमी वगळला जातो याचा मला राग येतो. “नवी सुरुवात” हे शब्द पेल्यांवर छापायला सोपे आहेत. इजिप्शियनांची सकाळ अशी आपोआप होत नव्हती. रोज रात्री अपोफिस नावाचा महासर्प नाव अडवायचा, त्याला रोज हरवावं लागायचं. भुंगेरा आहे याचा अर्थ कालची रात्र पार पडली. उद्याची खात्री त्यात नाही.

डोक्याच्या जागी अख्खा भुंगेरा असलेला खेप्री पाहायचा तर राण्यांच्या दरीत नेफरतारीचं, म्हणजे दुसऱ्या रामसेसच्या राणीचं, थडगं. १९०४ मध्ये एर्नेस्तो स्कियापारेल्ली या इटालियन संशोधकाने ते शोधलं. तिकीट वेगळं आणि महाग असायचं, आत थोडी मिनिटंच थांबू द्यायचे; आता उघडं आहे का ते आधी विचारा. रंग मात्र असे की बोलणं बंद होतं. ईसिस राणीचा हात धरून तिला नेतेय आणि समोर सिंहासनावर खेप्री बसलाय. चेहरा नाही, डोळे नाहीत, मानेवर थेट किड्याची पाठ. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे विचित्र, थोडं हसू येण्यासारखंही वाटतं. वाटू द्या. मग पुढच्याच खोलीत मेंढ्याच्या डोक्याचा देव शोधा. ईसिस आणि नेफ्थिस त्याला दोन्हीकडून धरून उभ्या आहेत. तोच रात्रीचा सूर्य, मृतांचा देव ओसायरिस याच्याशी एकरूप झालेला. दारावरच्या चकतीतली जोडी इथे दोन भिंतींवर भेटते.

राजांच्या नावात किडा

भुंगेऱ्याचं चिन्ह लिपीत “खेपर” असं वाचतात. अर्थ होणं, घडणं, रूप घेणं. देवाचं नाव त्यातूनच आलंय. एवढं पाठ असेल तर देवळाच्या भिंतीवरची दोन राजांची नावं तुम्ही स्वतः वाचू शकाल, आणि गटात भाव खाऊ शकाल.

लंबगोल चौकटीत, म्हणजे कार्टूशमध्ये, वर गोल चकती, तिच्याखाली भुंगेरा, त्याखाली तीन छोट्या रेघा आणि तळाशी टोपली. चकती म्हणजे रा. देव म्हणून मानाने ती आधी लिहितात, पण वाचायची शेवटी. टोपली “नेब”, म्हणजे स्वामी. तीन रेघांनी अनेकवचन होतं, म्हणून “खेपेरु”. झालं नेब-खेपेरु-रा. हे तुतनखामूनचं राज्याभिषेकाचं नाव. दुसरं: वर चकती, मध्ये सोंगट्या मांडलेला पट (“मेन”), खाली भुंगेरा. मेन-खेपेर-रा, म्हणजे तिसरा थुतमोस. हे नाव इतकं शुभ मानलं गेलं की त्याच्या मृत्यूनंतर कित्येक शतकं ते भुंगेऱ्यांच्या पोटावर कोरलं जात राहिलं. म्हणून संग्रहालयात मेन-खेपेर-रा दिसलं की “हा थुतमोसच्या काळातला” असं लगेच ठरवू नका.

उलटा करून पाहा

छोटे भुंगेरे, अंगठ्यात बसतील किंवा दोऱ्यात ओवता येतील असे, संग्रहालयात शेकड्याने असतात. लोक वरची पाठ पाहून पुढे जातात. मजकूर खाली आहे. चांगल्या कपाटात ते उलटे ठेवलेले असतात, किंवा खाली आरसा असतो, किंवा शेजारी मातीतला ठसा.

बहुतेक मऊ दगडाचे असतात, शंखजिऱ्याच्या जातीचा दगड. तो सहज कोरता येतो. कोरून झाला की वर निळसर हिरवी झिलई चढवून भाजायचे, त्यात दगड कठीण होतो. जमिनीत शतकं गेल्यावर झिलई उडते, म्हणून आज पांढरट किंवा तपकिरी दिसतात. मूळचे ते बहुतेक हिरवे-निळे होते, उगवत्या झाडाचा आणि नाईलच्या पाण्याचा रंग. भोक लांबीच्या दिशेने आरपार असतं, डोक्यापासून बुडापर्यंत.

पोटावर काय? नावं, हुद्दे, नक्षी, देवांची चिन्हं, शुभेच्छा. मध्य राज्याच्या काळापासून (सुमारे इ.स.पू. २००० पासून) अधिकारी हे भुंगेरे शिक्का म्हणून वापरत. पपायरसची गुंडाळी, पेटी, कोठाराचं दार दोरीने बांधायचं, गाठीवर ओली माती थापायची आणि त्यात भुंगेरा दाबायचा. एकाच वस्तूत शिक्कामोर्तब आणि ताईत, दोन्ही. सरकारी कामाला देवाचं अंग लावण्याची ही पद्धत मला फार समंजस वाटते.

तिसऱ्या आमेनहोतेपने (राज्यकाळ सुमारे इ.स.पू. १३९० ते १३५२) तर याच भुंगेऱ्यांचं वृत्तपत्र केलं. तळहाताएवढे मोठे भुंगेरे, पोटावर ओळीच्या ओळी मजकूर. असे दोनशेहून अधिक मिळाले आहेत. एकावर राणी तिये आणि तिच्या आईवडिलांची नावं. एकावर राजाने पहिल्या दहा वर्षांत स्वतः बाण मारून १०२ सिंह मारल्याची फुशारकी. एकावर राणीसाठी खोदलेला तलाव. आणि एकावर सीरियाच्या उत्तरेकडच्या मितन्नी राज्याच्या राजाची, शुत्तर्णाची, मुलगी गिलुखेपा ३१७ बायकांच्या लवाजम्यासह आल्याची बातमी. हे मितन्नी घराणं आपल्या मंडळींना सांगण्यासारखं आहे, कारण त्यांच्या पुढच्या एका राजाने आजच्या तुर्कस्तानातल्या हित्तींशी केलेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य हे देव साक्षीला आहेत.

हृदयावर ठेवायचा तो वेगळा

संग्रहालयात मोठा, गडद हिरव्या दगडाचा, पंख नसलेला भुंगेरा दिसला आणि पोटावर दाट मजकूर असला, तर आवाज खाली करा. हा हृदय-भुंगेरा, ममीच्या छातीवर ठेवायचा. ममी करताना इजिप्शियन मेंदू काढून टाकायचे, हृदय मात्र शरीरात राहू द्यायचे, कारण आठवण, बुद्धी आणि सदसद्विवेक तिथे असतो असं ते मानत. परलोकातल्या न्यायसभेत ते हृदय तराजूच्या एका पारड्यात आणि सत्याची देवी माअत हिचं पीस दुसऱ्यात. हृदय जड भरलं तर अम्मित नावाची राक्षसीण ते गिळणार. तिचं डोकं मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं.

पोटावरचा मजकूर “मृतांच्या ग्रंथा”तला ३०ब हा मंत्र असतो. त्यात माणूस आपल्याच हृदयाला विनवतो: तू मला आईकडून मिळालंस, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस, तराजू राखणाऱ्यासमोर मला तोंडघशी पाडू नकोस. इथे कुणीतरी हमखास म्हणतं, “म्हणजे चित्रगुप्तच की!” नाही. चित्रगुप्त बाहेरचा, वही घेऊन बसलेला. इथे साक्षीदार आतलाच आहे आणि त्याला गप्प बसवायला वर एक दगडी किडा ठेवलाय. मला यात भाबडी श्रद्धा कमी आणि माणसाची चतुराई जास्त दिसते. स्वतःच्या मनाला काय काय ठाऊक आहे याची पक्की जाणीव असलेली माणसंच असा मंत्र लिहितील.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात हातनोफरचा असा भुंगेरा आहे, सोन्याच्या साखळीसह. ती राज्य करणारी राणी हातशेपसुत हिच्या प्रसिद्ध अधिकाऱ्याची, सेनेनमुतची, आई. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सोबेकेमसाफ राजाचा आहे, हिरव्या दगडाचा, आणि त्याला माणसाचा चेहरा आहे. लेकीकडे किंवा मुलाकडे अमेरिकेला, इंग्लंडला जाणाऱ्यांनी हे दोन शोधावेत.

पुनर्जन्म म्हणू नका

आपल्या माणसांची सगळ्यात मोठी घाई इथे होते. उगवणं, मावळणं, पुन्हा उगवणं, म्हणजे पुनर्जन्म, विषय संपला. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनेही इजिप्शियन लोक आत्मा प्राण्यांमधून फिरतो असं मानतात, असं लिहून ठेवलं होतं. पण त्यांच्या स्वतःच्या ग्रंथांत वेगळं चित्र आहे. मृत माणसाला दुसऱ्या आईच्या पोटी यायचं नसतं. त्याला तोच राहायचं असतं, त्याच नावाने, सूर्याच्या फेऱ्यात सामील होऊन. म्हणून शरीर जपायचं, म्हणून नाव कोरायचं. “मृतांच्या ग्रंथा”त ७६ ते ८८ या मंत्रांत तो सोन्याचा ससाणा होतो, कमळ होतो, पाकोळी होते, मगर होते. ही रूपं इच्छेने घ्यायची आणि इच्छेने सोडायची. कर्माचं फळ म्हणून ती मिळत नाहीत. भुंगेऱ्याचं “घडणं” ते हे. मोक्षही इथे नाही, कारण या फेऱ्यातून सुटायचंच कुणाला नाही, उलट फेरा चालू राहावा हीच प्रार्थना.

कर्नाकची प्रदक्षिणा

कर्नाकच्या देवळात पवित्र तलावाच्या काठाशी, गोल खांबासारख्या चौथऱ्यावर ग्रॅनाइटचा भला मोठा भुंगेरा आहे. तोही तिसऱ्या आमेनहोतेपचाच. त्याच्याभोवती जगभरचे लोक गोल गोल चालत असतात. तीन फेऱ्या, सात फेऱ्या, लग्नासाठी इतक्या, मुलासाठी इतक्या, प्रत्येक गाईडचा आकडा वेगळा. हा आजच्या पर्यटनाचा खेळ आहे, प्राचीन विधी नाही. त्यात आमचे लोक देव उजव्या हाताला ठेवून निघतात आणि गाईडने सांगितलेले बाकीचे घड्याळाच्या उलट येतात, त्यामुळे समोरासमोर टक्कर ठरलेली. हौस म्हणून फिरा, कुणाचं काही जात नाही. पण फिरण्याआधी चौथऱ्याची पुढची बाजू पाहा, तिथे राजा देवासमोर कोरलाय. आणि जमलं तर सकाळी दार उघडताच जा. उगवत्या सूर्याचा देव दुपारी बाराला, टोपी कपाळावर ओढून पाहण्यात काही अर्थ नाही.

विकत घेताना

लक्सॉरच्या बाजारात किंवा कैरोच्या खान अल-खलिलीत भुंगेरे ढिगाने मिळतात. दुकानदार कानाशी येऊन “अँटिका” कुजबुजला की सरळ पुढे चला. १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने इजिप्तमध्ये पुरातन वस्तूंचा व्यापार आणि त्या देशाबाहेर नेणं बंद आहे. म्हणजे ती वस्तू एकतर खोटी आहे किंवा तुम्हाला तुरुंग दाखवणारी आहे. जुना रंग यावा म्हणून नवे भुंगेरे टर्कींना गिळायला लावायचे, असा एक किस्सा जुन्या प्रवाशांच्या काळापासून सांगतात. त्या ज्ञानाने वस्तू हातात धरावीशी वाटली तर बघा.

नवी म्हणूनच घ्या, पण चांगली घ्या. कडेने साच्याची शिवण दिसते का पाहा. दिसली तर ओतीव राळ आहे, वजनालाही हलकी लागेल. हाताने कोरलेल्या दगडी भुंगेऱ्याला पायांमध्ये खोल खाचा असतात. मग उलटा करा. बहुतेकांच्या पोटावर कशीही गिरवलेली चिन्हं असतात. धीर धरून ढिगातून चकती, भुंगेरा, तीन रेघा आणि टोपली असलेला शोधा, किंवा चकती, पट आणि भुंगेरा. मिळतात. किंमत तिसऱ्या हिश्श्यापासून सुरू करा आणि हसत राहा.

घरी तो कुठल्या दिशेला ठेवावा, असं विचारू नका. इजिप्शियनांनी आपल्या वास्तूसाठी काही नियम केलेले नाहीत. देवघरात ठेवायचा की शोकेसमध्ये, हे ज्याने त्याने घरात विचारून ठरवावं. परत येताना दगडी वस्तूंची पावती हाताशी ठेवा, विमानतळावर बॅग उघडायला सांगू शकतात. आणि ज्याला भेट द्याल त्याला पोटावरचं नाव वाचून दाखवा, नाहीतर पुढच्या दिवाळीत तो कुणाच्या तरी बिलांवर पेपरवेट म्हणून दिसेल.